विज्ञानमालिकांतील खलनायक : काही विचार

खलनायकाशिवाय कथा रंगत नाही, हे आपण लहानपणापासून जाणतो. रामायणातून रावण काढून टाकला, तर उरते ती केवळ चौदा वर्षांच्या वनवासाची हकिकत. मराठी चित्रपटांत निळू फुले यांनी रंगविलेले सरपंच आणि पाटील पाहून प्रेक्षक बोटे मोडीत असत आणि तरीही त्यांचाच पुढचा चित्रपट पाहावयास जात असत. वाईट माणसाविषयी आपल्याला एवढे कुतूहल का वाटते? आणि सगळेच वाईट आपल्याला सारखे का खिळवून ठेवीत नाहीत? या प्रश्नांचा विचार विज्ञानकथांवर आधारलेल्या दूरचित्रवाणी-मालिकांच्या संदर्भात करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

विज्ञानमालिकांपुढे एक अडचण मुळातच असते. तेथील खलनायक पुष्कळदा माणूसच नसतो. तो यंत्र असतो, परग्रहावरचा प्राणी असतो, नाही तर अंतराळातून येणारे एखादे अनामिक संकट असते. भूकंपाची किंवा महापुराची आपल्याला भीती वाटते, परंतु महापुराला आपण खलनायक म्हणत नाही. कारण महापुरापुढे दुसरा मार्ग नसतो. ज्याला दुसरा मार्ग उपलब्ध होता आणि तरीही ज्याने हाच मार्ग निवडला, तो खलनायक होय. सर्व विवेचनाचे सार माझ्या मते एवढेच आहे. ते काही प्रसिद्ध उदाहरणांनी स्पष्ट करण्याचा प्रयत्न करतो.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे. ही मालिका बी. बी. सी. ने १९६३ च्या नोव्हेंबरात सुरू केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टेरी नेशन या लेखकाने त्या मालिकेत ‘डालेक’ आणले. धातूच्या घुमटाकार कवचात बसलेले, जमिनीवरून सरकत जाणारे आणि कर्कश आवाजात बोलणारे हे प्राणी आपल्याखेरीज इतर सर्व जीव नष्ट करावयास निघालेले असतात. त्यांच्यावर नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाच्या वेडाची छाया स्पष्ट दिसते. डालेक अफाट लोकप्रिय झाले. परंतु डालेकशी संवाद होऊ शकत नाही. त्याला शंका येत नाही, लाज वाटत नाही, मोह पडत नाही. तो भीती निर्माण करतो, विचार निर्माण करीत नाही.

ही उणीव नेशन यांनीच १९७५ साली भरून काढली. ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ या सहा भागांच्या कथेत त्यांनी डालेकांचा निर्माता दाखविला. त्याचे नाव डॅव्रॉस. स्कारो ग्रहावर कॅलेड आणि थॅल या दोन जमातींचे युद्ध पिढ्यान् पिढ्या चाललेले आहे. त्या युद्धातील विषारी अस्त्रांमुळे आपल्या जमातीचे शरीर बदलत जाणार, हे ओळखलेला हा पंगू शास्त्रज्ञ भावी कॅलेडांसाठी पोलादी कवच तयार करतो. येथपर्यंत त्याचे काम वाईट म्हणता येत नाही. आपले लोक जगावेत, असे कोणाला वाटत नाही? परंतु त्याच वेळी तो त्या जीवांच्या मनातून दया काढून टाकतो. इतर सर्व जीव दडपले गेले म्हणजेच विश्वात शांतता नांदेल, असे त्याचे तर्कशास्त्र आहे.

या कथेतील एक प्रसंग फार महत्त्वाचा आहे. डॉक्टर त्याला विचारतो की, स्पर्श होताच जीव घेणारा एखादा विषाणू तू प्रयोगशाळेत तयार केलास, तर तो तू मोकळा सोडशील काय? डॅव्रॉस लगेच उत्तर देत नाही. तो विचार करतो. ती कल्पित कुपी जणू आपल्या बोटांत धरून पाहतो आणि मग होकार देतो. एवढी सत्ता हाती आल्यावर आपण देवांच्या पंक्तीला बसू, या कल्पनेनेच तो हरखून जातो. त्या क्षणभराच्या विचारामुळे डॅव्रॉस डालेकाहून वेगळा ठरतो. पर्याय त्याच्यासमोर ठेवला गेला होता, त्याने तो तोलून पाहिला आणि नाकारला. पुढे त्याचेच डालेक त्याच्यावर उलटतात. आपल्या शास्त्रज्ञांवर तरी दया करा, असे तो विनवितो, तेव्हा दया या शब्दाचा अर्थच त्यांना ठाऊक नसतो. तो अर्थ पुसून टाकणारा तोच होता.

याच कथेत नायकाचीही परीक्षा होते. डालेकांची पैदास जेथे होते ती जागा उडवून देण्यासाठी डॉक्टरच्या हाती दोन तारा येतात. त्या एकमेकींना टेकविल्या की काम फत्ते. परंतु एक अख्खी जात नष्ट करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, या विचाराने त्याचा हात थबकतो. डॅव्रॉसने होकार दिला होता, डॉक्टर अडखळतो. चांगला खलनायक नायकाला असाच प्रश्नात पाडतो. ज्याच्यामुळे नायकाला स्वतःकडे पाहावे लागत नाही, तो खलनायक नुसता अडथळा असतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील खान नूनियन सिंग याचे. १९६७ साली ‘स्पेस सीड’ या भागात तो प्रथम आला. आपल्या दृष्टीने यात एक गमतीचा भाग असा की, हा खान मूळचा उत्तर भारतातील, बहुधा शीख, असा कथेत उल्लेख आहे. प्रत्यक्षात ही भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान या नटाने केली. कथेनुसार निवडक पैदाशीतून निर्माण केलेल्या बलिष्ठ आणि बुद्धिमान माणसांपैकी तो एक. पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्यावर त्याने राज्य केले, पराभव होताच साथीदारांसह यानातून निसटला आणि शतकांच्या निद्रेनंतर कॅप्टन कर्क याच्या यानात जागा झाला.

खान देखणा आहे, सुसंस्कृत आहे, धीट आहे. तो कोण आहे हे कळल्यानंतरसुद्धा कर्क आणि त्याचे काही सहकारी त्याच्याविषयी कौतुकाने बोलतात. हुकूमशहांमध्ये हा त्यातल्या त्यात बरा होता, असा त्यांचा सूर असतो. स्पॉक हा परग्रहवासी अधिकारी ते ऐकून चकित होतो. लेखकांनी येथे प्रेक्षकालाच पकडले आहे. कारण आपणही तोपर्यंत मनातल्या मनात खानाचे कौतुक करू लागलेलो असतो. सामर्थ्यापुढे माणूस किती सहज नमतो, हे एखाद्या व्याख्यानापेक्षा या छोट्या प्रसंगातून अधिक चांगले कळते.

१९८२ साली याच खानावर चित्रपट निघाला, तेव्हा त्याच्या दुष्टपणाला आणखी एक पदर मिळाला. कर्कने त्याला ज्या ग्रहावर सोडले होते, तो शेजारचा ग्रह फुटल्यामुळे ओसाड झाला. तेथे खानाची पत्नी आणि अनेक साथीदार मेले. कर्कने पुन्हा कधी चौकशीही केली नाही. म्हणजे खानाची तक्रार खोटी नाही. खोटा आहे तो तिच्यातून त्याने काढलेला निष्कर्ष. आपल्याला दुःख झाले म्हणून आपल्याला सर्व काही माफ आहे, असे तो धरून चालतो. सूडासाठी तो आपल्या उरलेल्या माणसांनाही पणाला लावतो. दुखावलेला माणूस खलनायक होतो तो दुःखामुळे नव्हे, तर त्या दुःखाचा परवान्यासारखा उपयोग केल्यामुळे.

परंतु या विषयातील सर्वांत श्रेष्ठ उदाहरण मला ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेत सापडते. ‘स्टार ट्रेक’चीच ही एक शाखा १९९३ ते १९९९ या काळात सात हंगाम चालली. बेजॉर या ग्रहावर कार्डेशियन लोकांनी सुमारे पन्नास वर्षे कब्जा केला, खाणींत आणि छावण्यांत वेठबिगार राबविली आणि अखेर ते निघून गेले, ही तिची पार्श्वभूमी. कार्डेशियनांचा बेजॉरवरील शेवटचा प्रशासक म्हणजे गल डुकाट. ही भूमिका मार्क अलाइमो या नटाने केली.

डुकाट गोड बोलतो. तो हसतमुख आहे. एका बेजॉरी स्त्रीपासून झालेली झियाल ही त्याची मुलगी अनेक वर्षे बेपत्ता असते. १९९५ च्या एका भागात तो तिला शोधावयास निघतो तो तिला ठार करण्याच्या विचाराने, कारण ती उघडकीस आली तर त्याची प्रतिष्ठा धुळीस मिळणार असते. प्रत्यक्ष ती समोर उभी राहिल्यावर मात्र त्याच्या हातून ते होत नाही. तो तिला घरी नेतो आणि त्यापायी आपले पदही गमावतो. हे प्रेम खरे आहे. मग अशा माणसाला दुष्ट कसे म्हणावे, असा प्रश्न पडतो. अनेक प्रेक्षकांना तो पडलाही.

त्याचे उत्तर १९९८ च्या ‘वॉल्ट्झ’ या भागात मिळते. एका निर्जन ग्रहावर डुकाट आणि मालिकेचा नायक सिस्को दोघेच अडकलेले असतात. सिस्को त्याला बोलू देतो आणि डुकाट आपल्या कारभाराचा हिशेब मांडतो. आपण छावण्यांतील कामाचा बोजा निम्म्यावर आणला, बालमजुरी बंद केली, औषधपाणी सुधारले, शिधा वाढविला. महिनाभरात मृत्यूचे प्रमाण वीस टक्क्यांनी उतरले. आणि बेजॉरी लोकांनी काय केले? त्यांनी एक गोदी उडवून दिली. त्यात दोनशेहून अधिक कार्डेशियन मेले. तेव्हा आपण फक्त दोनशे संशयितांना मृत्युदंड दिला. या ‘फक्त’मध्ये सारा डुकाट आहे. मुळात छावण्या कशाला होत्या, हा प्रश्न त्याच्या हिशेबात कोठेच येत नाही.

डुकाटला बेजॉरची केवळ सत्ता नको आहे, त्याला बेजॉरची कृतज्ञता हवी आहे. संपूर्ण बेजॉरवर आपला एकही पुतळा नाही, याची त्याला मनापासून खंत वाटते. सत्तेचा हा प्रकार ओळखण्यासाठी परग्रहावर जाण्याची गरज नाही. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘आम्ही होतो म्हणून तुम्ही शिकलात’ असे हसतमुखाने सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. माझ्या आजोबांनी त्यांच्या शेतावर किती वर्षे कोणत्या मजुरीवर काढली, हे मात्र ती सांगत नाहीत. त्यामुळे डुकाटचे भाषण ऐकताना तो मला अजिबात परका वाटला नाही. तो राग येण्याजोगा वाटला आणि त्याच वेळी ओळखीचाही वाटला. खलनायक ओळखीचा वाटणे, हीच त्याच्या यशाची खूण होय.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. डुकाटच्या जोडीला मालिकेत मेजर कीरा नावाची बेजॉरी स्त्री सतत आहे. ती छावण्यांच्या छायेत वाढली आणि कोवळ्या वयातच बंडखोरांना सामील झाली. डुकाट जेव्हा जेव्हा मोहक बोलतो, तेव्हा तेव्हा कीराचा चेहरा आपल्याला त्याच्या बोलण्याची किंमत दाखवितो. खलनायकाची बाजू मांडावी, परंतु ज्यांनी त्याचा जाच सोसला त्यांना पडद्याबाहेर ठेवून ती मांडू नये. तसे केले की गुंतागुंतीचे चित्रण संपते आणि वकिली सुरू होते.

या मालिकेच्या अखेरीअखेरीस डुकाट दुष्ट आत्म्यांच्या भजनी लागतो आणि त्याचे डोळे लाल होतात. माझ्या मते तेथे तो उणा पडतो. लाल डोळ्यांच्या सैतानाला ओळखणे सोपे असते. आपण केलेल्या उपकारांची यादी वाचून दाखविणारा अधिकारी ओळखणे अवघड असते.

याच्या उलट जातीचे पात्र ‘बॅबिलॉन फाइव्ह’ या मालिकेत आहे. तिचे बहुतेक सर्व भाग जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या एकाच लेखकाने लिहिले. तिच्यातील लोंडो मोलारी हा सेंटॉरी साम्राज्याचा वकील सुरुवातीला विनोदी वाटतो. तो मद्यपी आहे, जुगारी आहे आणि साम्राज्याच्या गतवैभवाच्या आठवणींत रमणारा आहे. मॉर्डेन नावाचा एक गूढ माणूस त्याला, तुला काय हवे आहे, एवढेच विचारतो. लोंडोला गेलेले वैभव परत हवे असते. त्यानंतर तो एकामागून एक उपकार स्वीकारत जातो आणि प्रत्येक उपकार त्याला आणखी खोल नेतो. १९९५ च्या एका भागात निषिद्ध अस्त्रांनी नार्न लोकांच्या ग्रहावर उल्कांचा मारा होत असताना तो यानाच्या खिडकीशी उभा राहून पाहतो. त्याच्या चेहऱ्यावर विजय नसतो. आपण काय केले, हे त्याला पुरते कळलेले असते. डुकाटला ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून लोंडोची आपल्याला कीव येते, डुकाटची येत नाही.

कादंबरीप्रमाणे मालिकेलाही वेळेची मोठी देणगी असते. दोन-तीन तासांच्या चित्रपटात माणूस बिघडलेला दाखविता येतो, परंतु तो कसकसा बिघडत गेला हे दाखवावयास वर्षे लागतात. प्रत्येक टप्प्यावर त्याला परत फिरता आले असते, हे प्रेक्षकाने स्वतः पाहिलेले असते. शिवाय परग्रहाची कथा असल्यामुळे आपण सावधपणे पाहत नाही. हा अमुक जातीचा, तो तमुक पक्षाचा, अशी पाटी तेथे लावता येत नाही. मन मोकळे ठेवून आपण ऐकतो आणि ऐकता ऐकता आपल्याच अंगणात येऊन पोहोचतो.

थोडक्यात सांगावयाचे तर, खलनायकात दोन-चार सद्गुण मिसळले म्हणजे तो गुंतागुंतीचा होतो, ही समजूत बरोबर नाही. त्याला त्याची स्वतःची बाजू असावी, ती त्याला खरी वाटत असावी, दुसरा मार्ग त्याच्यासमोर असावा आणि त्याने केलेल्या निवडीची किंमत कोण मोजतो हे आपल्याला दिसावे. एखाद्याला समजून घेणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. उलट समजून घेतल्यावरच त्याचा अपराध नेमका कोणता, हे सांगता येते. डुकाटचा अपराध त्या दोनशे माणसांपुरता नव्हता. ज्यांच्या मानेवर आपण पाय ठेवला, त्यांनी आपला पाय हलका होता म्हणून आभार मानावेत अशी अपेक्षा धरणे, हा त्याचा खरा अपराध होता. तो एकदा कळला, की तसे आभार मागणारा माणूस कोठेही भेटला तरी आपण त्याला ओळखू शकतो.