उंची हेच इंधन

हॉलिवूडचा नट हॅरिसन फोर्ड वैमानिकही आहे. ५ मार्च २०१५ रोजी तो कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून आपलं जुनं, उघड्या कॉकपिटचं रायन विमान घेऊन उडाला. विमान १९४२ सालचं. गंमत म्हणजे फोर्डचं जन्मसालही तेच. साधारण १,१०० फुटांवर इंजिनाचा जोर गेला. ते पुन्हा सुरू करण्याच्या खटाटोपात न पडता त्याने ताशी ८५ मैलांचा वेग राखला आणि विमान डावीकडे, धावपट्टीच्या दिशेने वळवलं. पोचत नाही हे कळल्यावर झाडाचा शेंडा घासत ते गोल्फच्या मैदानात आदळलं. बरंच लागलं, पण जीव वाचला.

वाचला तो मुख्यतः त्या राखलेल्या वेगामुळे, असं मला वाटतं.

इंजिन बंद म्हणजे विमान थेट खाली, असा आपला समज असतो. पण विमानाला उचलून धरतात पंख, आणि पंखांना लागतो वेग. तो इंजिनाने दिला काय, किंवा घाट उतरणाऱ्या न्यूट्रलमधल्या गाडीसारखा उतारावर मिळाला काय, पंखांना सारखंच. सेसना १७२ हे चार आसनी विमान इंजिनाविना एक किलोमीटर उंची खर्चून सुमारे नऊ किलोमीटर पुढे जातं. म्हणजे हजार फुटांवर असाल तर हाताशी पावणेतीन किलोमीटर. तेही वारा नसताना, आणि ताशी सुमारे १२० किलोमीटरचा वेग धरून ठेवला तरच.

मेख इथेच आहे. जमीन जवळ येताना दिसली की हात आपसूक नाक वर ओढतात. त्याने वेग गळतो, आणि पंखाचा हवेशी कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की वरच्या पृष्ठभागावरून हवा सुटते. हा स्टॉल. मग मात्र विमान खरोखर कोसळतं. म्हणून पहिलं काम नाक खाली करण्याचं, मन कितीही नको म्हणो.

दुसरा मोह मागे फिरण्याचा. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. शिवाय अर्धवर्तुळ घेऊन भागत नाही. तेवढ्याने विमान धावपट्टीच्या बाजूला समांतर येतं, तिच्यावर नाही. उंची तिथेच संपते.

फोर्डचं इंजिन का थांबलं? कार्ब्युरेटरचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, आट्यांतून सुटलेला सापडला. जुन्या स्कूटरवाल्यांना हे दुखणं नवं नाही! याच कार्ब्युरेटरात दमट हवेत, बाहेर २० अंश असतानाही, बर्फ धरू शकतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतली हवा झपाट्याने गार होते.

आपल्याकडे २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ सेसना कोसळलं. प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर सुटली. शेत वरून निवडणं सोपं नसतं. उंच पिकात चाकं अडकून विमान उलटू शकतं. नांगरट असेल तर नांगराच्या तासांच्या दिशेने उतरावं. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब शोधावे लागतात. आणि वारा समोरून घ्यावा: ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने उतरणाऱ्या विमानाला ताशी २० चा वारा समोरून मिळाला तर जमिनीवरचा वेग ६०, पाठीमागून आला तर १००. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे पाठीवर वारा घेतला तर जवळपास पावणेतीनपट ऊर्जा त्याच शेतात जिरवावी लागते.