पाय कसा हाय?

दिएगो कोस्टा मैदानात उतरला तेव्हा आम्ही पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. २४ मे २०१४, लिस्बनला चॅम्पियन्स लीगची फायनल. कोल्हापुरात मध्यरात्र उलटलेली. आठवड्यापूर्वीच बार्सिलोनाविरुद्ध मांडीचा मागचा स्नायू दुखावून तो सोळाव्या मिनिटाला बाहेर आला होता. मग बेलग्रेडला जाऊन घोडीच्या वारेपासून केलेला कसलासा उपचार घेतला. (आमच्या पेठेत हाडवैद्य गाठतात, त्यातलाच प्रकार.) आदल्या दिवशी सरावालाही आला. अॅटलेटिकोच्या सिमिओनेनं त्याला पहिल्या अकरात घेतलं. नवव्या मिनिटाला कोस्टा बाहेर.

लोक ती नऊ मिनिटं धरून बसतात. खरा फटका पुढं बसला. तेव्हा सामन्यात तीनच बदल करता यायचे, त्यातला एक असा वाया गेला. गोदिनच्या गोलवर पुढं असलेल्या अॅटलेटिकोला रेआल माद्रिदच्या रामोसनं ९३व्या मिनिटाला गाठलं. एक्स्ट्रा टाइममध्ये हुआनफ्रान लंगडत होता, पण त्याच्या जागी कुणाला पाठवणार? तिन्ही बदल संपलेले. रेआल माद्रिद ४-१. सिमिओनेनं नंतर चूक स्वतःकडे घेतली.

मला त्याला नावं ठेववत नाहीत. मांडीची ही दुखापत फसवी. हळू पळताना काही कळत नाही. पूर्ण वेगात टांग लांब पडली की कळ येते. शाहू स्टेडियमवरच्या माझ्या एका सामन्याआधी आमच्या कोच सरांनी विचारलं, "पाय कसा हाय?" "एकदम ओके, सर." चार फेऱ्या मारून दाखवल्या, बेतानंच. माझ्या जागी खेळला असता त्या पोराकडं बघणं टाळलं. पहिल्याच लांब पासवर मांडीत मागून कुणी दगड मारल्यासारखं झालं. गॅलरीतल्या शिव्या सरांना बसल्या, मला टाळ्या.

२०१९च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्येही टॉटनहॅमच्या पोचेटिनोनं घोट्याच्या दुखापतीतून उठलेल्या हॅरी केनला सुरुवातीपासून खेळवलं आणि सेमीफायनलला तीन गोल मारणाऱ्या लुकास मौराला बसवलं. टॉटनहॅम ०-२ हरलं. आमच्या कट्ट्यावर आठवडाभर पोचेटिनोचा उद्धार चालला होता. त्याच सामन्यात समोरच्या संघाच्या क्लॉपनंही दुखापतीतून आलेला फिर्मिनो उतरवला होता, ५८व्या मिनिटाला काढला. त्याच्या जागी आलेल्या ओरिगीनं दुसरा गोल मारला. क्लॉपचं नाव कट्ट्यावर कुणी काढलं नाही.

सर अजून भेटतात. पाय कसा हाय, विचारतात. थंडीत जिना चढताना मांडी धरते, पण मी तेच उत्तर देतो.