वाकलेल्या खोडाची ओढ

काटेवाडीच्या शिवारात चारीच्या कडेला एखादी बाभूळ अशी दिसते: बुंधा पाण्याकडे कललेला, वरचा भाग मात्र वळून आभाळाकडे निघालेला. कोवळा शेंडा वळतो, हे समजण्यासारखे आहे. पण कठीण झालेले खोड स्वतःला वर ओढते कसे?

ही ताकद सालीखालच्या कॅम्बियम या पातळ थरातून येते. नवे लाकूड तिथेच बनते. फुलणारे झाड कलले, की बहुधा वरच्या बाजूला निराळे लाकूड तयार होते: ताणकाष्ठ. त्याच्या तंतूंमध्ये अनेकदा जवळपास निव्वळ सेल्युलोजचा थर असतो आणि त्याचे धागे खोडाच्या लांबीने धावतात. तंतू पक्व होताना आखडू पाहतात आणि खोडाला वर ओढतात. देवदार, चीड या सूचिपर्णी झाडांची रीत उलटी. ते खालच्या बाजूला लिग्निनने भरलेले दाबकाष्ठ घालतात. ते खालून रेटते. सुरू दिसतो सूचिपर्णी, पण आहे फुलणाऱ्यांतलाच.

झाडाला दाब कळतो की दिशा? इवर्ट आणि मेसन-जोन्स यांनी १९०६ मध्ये सूचिपर्णी झाडांच्या खोडांची वर्तुळे बांधून हे तपासले. वाकवलेल्या खोडाची आतली बाजू दबते. दाबामुळेच दाबकाष्ठ बनत असते, तर ते सगळीकडे आतल्या बाजूला सापडले असते. सापडले ते जमिनीकडच्या बाजूला: वरच्या कमानीत आत, खालच्या कमानीत बाहेर. झाड गुरुत्वाकर्षण ओळखते, हे इतक्या साध्या प्रयोगातून दिसावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

वडाच्या कुळात याहून नवल आहे. कुंडीत लावतात त्या फायकस बेंजामिनाच्या पारंब्यांचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. पारंबी मातीत रुजल्यावर तिच्यात ताणकाष्ठ एका बाजूला नव्हे, सभोवार बनते. ती आखडते आणि ताठ होते. म्हणून पारंब्या तोडताना विचार करावा. त्या पसरलेल्या फांद्यांचा आधार असतात.

उसाला मात्र कॅम्बियमच नाही, त्यामुळे हे लाकूडही नाही. वादळात ऊस लोळला, तर तो सांध्यांवरून उठतो. प्रत्येक सांध्याशी वाढीची एक अरुंद कडी असते. तिची जमिनीकडची बाजू जास्त वाढते आणि कांडे वर वळते. शेंड्याजवळच्या कोवळ्या सांध्यांना हे चांगले जमते. बुडखा आडवाच राहतो, आणि तोडणीच्या वेळी कोयता चालवणाऱ्याला तो वाकडा ऊस जमिनीलगत शोधावा लागतो.