कालवा आणि कालव

गेल्या महिन्यात पुतण्याने पुण्यातल्या एका हॉटेलात नेलं. बर्फाच्या ताटात सहा ऑयस्टर आले, सोबत लिंबाची फोड. म्हटलं, "अरे, ही तर कालवं." तो म्हणाला, "कालवा? डिंभे धरणाचा?"

हसू आलं, पण टोचलंही. हाच घोटाळा कधीकाळी मी केला होता.

आम्ही घाटावरच्या महाळुंगे पडवळचे. हुतात्मा बाबू गेनूंचं गाव, म्हणून त्यांचा स्मृतिदिन, १२ डिसेंबर, पाठ. समुद्र मात्र भूगोलाच्या पुस्तकातला. शाळा, डी.एड., अर्ज, यात सांगण्यासारखं काही नाही. १९८९ला रत्नागिरीत मास्तर म्हणून हजर झालो आणि दहा वर्षं भाट्याच्या खाडीजवळ राहिलो. पहिल्याच आठवड्यात कुणी म्हणालं, "कालवं छान मिळतायत." मी विचारलं, "कालव्याचं आवर्तन कधी सुटलं?" शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. एका सहकाऱ्याने तर पुढे दहा वर्षं "घाटावर दगडांशिवाय आहे काय?" हेच पालुपद लावलं.

घरमालकीणकाकू भांगाला, पाणी फार ओसरत नाही तेव्हा, घरी असायच्या. उधाणाची ओहोटी लागली की डबा आणि टोकदार लोखंडी सळई घेऊन खडकावर. कालवाची डावी शिंपली खडकाला पक्की चिकटलेली, उजवी नुसतं झाकण. काकू सांध्यावर नेमका एक घाव घालत, झाकण उडवत आणि मांस खाऱ्या पाण्यासकट डब्यात. दोन तास वाकून डबा जेमतेम अर्धा भरायचा. "पिल्लू चार दिस पोहतं मास्तर, मग जिथं चिकटलं तिथं जन्म," त्या म्हणत.

त्या सहकाऱ्याच्या दगडांच्या टोमण्याला द्यायचं उत्तर सुचलं ते निवृत्तीनंतर. आमचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. कालवांचं घराणं वीस कोटींच्याही मागचं, डायनासोर पाहिलेलं. कच्छच्या ज्युरासिक खडकांत त्याचे जीवाश्म आहेत. आणि भाट्याला कालव बसतं तो काळा खडक आमच्या सह्याद्रीचाच लाव्हा. म्हणजे गुरुजी, तुमचं कालव आमच्याच दगडाला धरून होतं.

आता काकू नाहीत. मागे भाट्याला गेलो तेव्हा ओहोटी होती, खडक होते, वाकलेलं कुणी नव्हतं. सहकाऱ्याची नातवंडंही ऑयस्टरच म्हणतात.

हॉटेलात मी एक शिंपली उलटी करून पाहिली. बूड गुळगुळीत. खडकाचा एक कणही चिकटलेला नव्हता.