नवे ग्राफिक कार्ड घेण्यापूर्वी

गेम पार्लर चालविणाऱ्यांची एक तक्रार नेहमी आमच्या कानी येते. खेळ अडखळतो आणि गिऱ्हाईक अर्ध्या तासात उठून जाते. अशा वेळी दुकानदार सल्ला घेतो तोही कार्ड विकणाऱ्याचाच! संगणक आठ-दहा असले की हा खर्च लहान धंद्याला झेपणारा नसतो. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी खेळातील सेटिंग तपासून पाहावी, असे आम्ही सुचवितो.

पडद्यावरील हालचाल म्हणजे भराभर बदलणारी चित्रे होत. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी यंत्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही की खेळ अडखळतो. हा उशीर कोणामुळे होतो, ते आधी शोधावे. त्यासाठी रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावे. ठिपके निम्म्याहून कमी होतात, म्हणजे कार्डाचे ओझे उतरते. तरीही वेग वाढला नाही, तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची असते. तेथे महागडे कार्ड बसविणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

वेग वाढला, तर कार्ड कमी पडते आहे हे कळले. आता रिझोल्यूशन पूर्ववत करावे, कारण ते खाली ठेवल्यास चित्र धूसर दिसते. कात्री चालवावी ती सावल्यांवर. सावली दाखविण्यासाठी यंत्राला तेच दृश्य प्रकाशाच्या बाजूने पुन्हा रेखाटावे लागते. त्यानंतर पाण्यातील व काचेतील प्रतिबिंबे कमी करावीत. २०१५ साली संगणकावर आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' मध्ये तर नुसते गवत कमी केले तरी गावाबाहेरच्या भागात खेळ हलका होतो.

पुष्कळ जण नेमके उलट करतात. ते टेक्स्चर खाली आणतात आणि सावल्या तशाच ठेवतात. टेक्स्चरचा संबंध मुख्यतः कार्डाच्या मेमरीशी आहे. मेमरीत मावत असेल तर ते वर ठेवल्याने वेग फारसा घटत नाही. मावले नाही तर मात्र झटके बसतात. वर सांगितलेल्या खेळात किती मेमरी लागेल, हे सेटिंगच्या पानावरच दिसते. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ वर ठेवल्यास दूरचा रस्ता स्पष्ट दिसतो आणि त्याचा भारही थोडाच असतो. मोशन ब्लर बंद केलेला बरा.

व्ही-सिंकमुळे चित्र मधेच फाटल्यासारखे दिसत नाही. परंतु ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर वेग ६० च्या जरा खाली आला की काही खेळांत तो एकदम ३० वर घसरतो. असे होत असल्यास ते बंद ठेवावे.

ज्या संगणकांत वेगळे कार्डच नाही, तेथे ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी ४ जीबीच्या दोन पट्ट्या लावाव्यात. बहुतेक मदरबोर्डांवर त्याने फरक पडतो. पंख्यातील धूळही झाडावी, कारण तापलेले यंत्र आपणहून वेग कमी करते. हे बदल प्रथम एकाच संगणकावर करून नेहमीच्या गिऱ्हाइकाला तेथे बसवावे. त्याला पटले, तर तीच सेटिंग बाकीच्यांवर उतरवावी.