पावसाचे पाणी व सांडपाणी : दोन वाटा वेगळ्याच हव्यात

रुग्णालयास देणगी देताना दात्यांच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग वा रुग्णवाहिका असते. जमिनीखालच्या नळांचा विचार सहसा होत नाही. तथापि पावसाळ्यात रुग्णांची सुरक्षितता या नळांवरही अवलंबून असते. म्हणून त्याविषयी थोडक्यात माहिती येथे देत आहोत.

मुंबईत दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. शौचालये, न्हाणीघरे व स्वयंपाकघरे यांतील पाणी मलवाहिनीतून वाहते. पावसाचे पाणी पर्जन्यवाहिन्यांतून नाल्यांस व पुढे खाडीस अथवा समुद्रास मिळते. मलवाहिनीचा आकार माणसांच्या रोजच्या वापरावरून ठरतो, पावसावरून नव्हे. 100 चौरस मीटर गच्चीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडल्यास 5000 लिटर पाणी जमते. माणशी दररोज 120 लिटर सांडपाणी धरले, तर हे सुमारे 40 माणसांचे दिवसभराचे सांडपाणी झाले. ते तासाभरात मलवाहिनीत शिरले की नळ तुडुंब भरतो आणि मैला उलटून तळमजल्यावरील शौचालयांतून वर येतो. तळघरातील पाणी उपसणाऱ्या पंपाचा नळ मलवाहिनीस जोडला असल्यासही हाच धोका संभवतो.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पूर ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, त्वचेवरील जखमांवाटे हा रोग शरीरात शिरतो. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यास कॉलरा, विषमज्वर व कावीळ यांचे भय असते. 29 ऑगस्ट 2017 च्या अतिवृष्टीत, पाणी ओसरावे म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतील एका ज्येष्ठ डॉक्टरांचा मृत्यू झाला.

उपाय साधे आहेत. पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या नळात रंगीत पाणी ओतावे. मलवाहिनीच्या चेंबरमध्ये रंग दिसल्यास चुकीचा जोड आहे असे समजून तो काढून घ्यावा. पंपाने उपसलेले पावसाचे वा झिरपलेले पाणी पर्जन्यवाहिनीतच सोडावे. मात्र त्यात मैला किंवा रुग्णालयातील सांडपाणी मिसळत असल्यास ते तेथे कदापि सोडू नये, कारण ते प्रक्रियेविना खाडीत जाते. मॅनहोलचे झाकण स्वतः कधीही उघडू नये.

अशा कामावर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. परंतु भर पावसात तळमजल्यावरचा विभाग कोरडा राहतो आणि रुग्णास खाट सोडावी लागत नाही, हीच त्या देणगीची पावती होय.