काठावरचे शेवाळ, परसबागेचे खत

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्राने वाहून आणलेले शेवाळ काही नवे नाही. ओहोटी लागली की वाळूवर त्याचा तपकिरी पट्टा उरतो, दोन दिवसांत वास सुटतो आणि माणसे नाक दाबून बाजूने जातात. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच जात होतो. या शेवाळाचे परसबागेसाठी उत्तम खत होते, हे ऐकले आणि एक दिवस दोन गोण्या भरून घरी आणल्या. पण ते वापरायचे कसे, हे शिकण्याआधी आमच्या हातून एक चूक झाली. वाचकांच्या हातून ती होऊ नये, म्हणून आधी तीच सांगतो.

गोण्या उघडल्या आणि ओले शेवाळ तसेच कुंड्यांमध्ये घातले. पडवीसमोरच्या मोठ्या कुंडीत दादीने लावलेला मोगरा होता, त्यालाही दोन मुठी जास्तच दिल्या. आठवडाभरात मोगऱ्याच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या, मग पाने गळू लागली. शेजारच्या मिरच्याही माना टाकून बसल्या. उरलेले शेवाळ विहिरीजवळच्या नारळाच्या आळ्यात टाकले होते. नारळाला मात्र काहीच झाले नाही.

तेव्हा कारण उमगले. दोष शेवाळाचा नव्हता, त्याच्या अंगावरच्या मिठाचा होता. मातीत मीठ वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही. माती ओली असूनही झाड तहानलेले राहते. त्यात कुंडीतली माती मूठभर, मिठाला निचरून जायला जागा नाही. नारळाला खारेपणा सोसतो, आपल्याकडे त्याच्या आळ्यात मुद्दाम मीठही घालतात. मिरची, घेवडा, मोगरा यांना ते सोसत नाही. दादी काही बोलली नाही. तिने मोगऱ्याची एक हिरवी फांदी कापली आणि ताज्या मातीत रोवून ठेवली.

शेवाळात असते काय?

समुद्री शेवाळात नत्र साधारण शेणखताइतके, पालाश त्याहून जास्त आणि स्फुरद कमी असते. शिवाय जस्त, लोह, बोरॉन यांसारखी सूक्ष्म द्रव्ये आणि मुळांची वाढ जोमाने करणारे काही नैसर्गिक घटकही असतात. आपली जांभ्याची माती आधीच हलकी. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो मातीतले पोषण धुऊन नेतो. अशा मातीला हे खत मानवते. शेवाळातून जमिनीवरच्या तणाचे बी येत नाही आणि ते लवकर कुजते, हा आणखी फायदा. स्फुरदाची उणीव भरून काढायला हाडांचे खत घालावे किंवा मासळीचे काटे मातीत खोल पुरावेत; वर राहिले तर मांजरे उकरतात.

हा उपाय जुना आहे. आयर्लंडजवळच्या अरान बेटांवर नुसता उघडा चुनखडक होता. तिथल्या लोकांनी पाठीवरून शेवाळ आणि वाळू वाहून आणली, खडकावर थर दिले, माती तयार केली आणि त्यात बटाटे पिकवले. १९३४ सालच्या ‘मॅन ऑफ अरान’ या चित्रपटात हे कष्ट पाहायला मिळतात.

धुण्याला पर्याय नाही

शेवाळ निदान तीन पाण्यांतून धुवावे. पण आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तेव्हा इतके गोडे पाणी कुठून आणायचे? आमच्या घरी यावर दोन मार्ग निघाले. पहिल्या दोन धुण्यांना वजूचे आणि भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी साठवून वापरतो. फक्त शेवटचे पाणी ताजे असते. धुतलेले खारट पाणी नारळालाच घालतो, दुसऱ्या कोणत्याही झाडाला नाही. दुसरा मार्ग त्याहून सोपा. शेवाळ उन्हात खडखडीत वाळवून गोणीत ठेवायचे आणि जूनमध्ये उतारावर पसरायचे. पहिले चार मोठे पाऊस ते फुकटात धुऊन देतात.

वापरण्याच्या तीन पद्धती

कंपोस्ट: एक घमेले धुतलेले शेवाळ, तीन घमेली वाळका पालापाचोळा आणि वर थोडे जुने खत, असे थर लावावेत. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवावा आणि पंधरा दिवसांनी ढीग उलटावा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. नुसत्या शेवाळाचा ढीग घातला तर चिखल होतो आणि दुर्गंधी सुटते.

आच्छादन: धुऊन वाळवलेले शेवाळ झाडाभोवती दोन बोटे जाड पसरावे, खोडापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी. मातीचा ओलावा टिकतो.

द्रवखत: शेवाळाचे तुकडे झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून सावलीत ठेवावेत आणि एक दिवसाआड ढवळावे. तीन-चार आठवड्यांनी गाळून, एक मग अर्कात दहा मग पाणी घालून पंधरा दिवसांतून एकदा मुळाशी द्यावे. वेळ फजरनंतरची किंवा असरनंतरची. भर उन्हात देऊ नये. बादली स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मात्र ठेवू नका!

किती घ्यावे, कुठून घ्यावे

खताचा गुण दिसू लागला तसा आमचा लोभ वाढला. ओहोटीला खडकावरचे ताजे, स्वच्छ शेवाळ विळ्याने कापून आणावे, असे ठरले. मासेमारीत आयुष्य घालवलेल्या शेजारच्या चाचांनी रोखले. लाटांनी काठावर टाकले ते माणसाने उचलावे, खडकाला धरून आहे ते माशांचे, असे त्यांचे म्हणणे. ते खरेच आहे. त्या शेवाळाच्या आडोशाला लहान मासे आणि कोळंबीची पिले वाढतात. आज विळा चालवला तर उद्या जाळी रिकामी येतील आणि आपल्याच शेजारच्या चुली थंडावतील. काठावरच्या ढिगातही खेकडे आणि किनाऱ्यावरचे पक्षी पोट भरतात. म्हणून आम्ही ढिगाचा अर्ध्याहून अधिक भाग तसाच सोडतो. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर कासवांच्या विणीच्या काळात वाळू उकरू नये. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून काही उचलू नये.

शहरातल्या, खाडीकाठच्या सांडपाण्यात वाढलेले शेवाळ भाजीपाल्याला वापरू नका. त्यात जड धातू असू शकतात. मुंब्रा, भिवंडी किंवा पुण्याच्या गॅलरीत बाग करणाऱ्यांनी शेवाळाच्या अर्काची तयार बाटली आणावी आणि त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावी. भावनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने असा अर्क काढण्याची पद्धत विकसित केली आहे, तर तमिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावर महिलांचे गट त्यासाठी शेवाळाची शेती करतात.

दादीने रोवलेली ती फांदी जगली. आता तिला आम्ही वर्षातून दोनदा, पावसाने धुतलेल्या शेवाळाचे कंपोस्ट ओंजळभर देतो. यंदा अल्हमदुलिल्लाह कळ्या भरपूर आल्या. तरीही खत घालताना दादी अजून एकदा विचारून घेते, नीट धुतलंय ना?